लाइट गेल्यावर कुठला फोन वाजतो? घरचा लँडलाइन काढण्याआधी, आणि ठेवण्याआधीही, हे तपासा

पहिला जोराचा पाऊस झाला की दक्षिण रायगडात काय होतं हे वेगळं सांगायला नको. आधी लाइट जाते. टॉवरच्या बॅटऱ्या टिकतील तेवढे दोन-चार तास मोबाइलला रेंज राहते. मग तीही जाते. खिशातला पंधरा हजारांचा फोन उरतो तो टॉर्च म्हणून. आणि नेमकी त्याच रात्री मुंबईत, पनवेलला, पुण्यात असलेली मुलं घरी फोन लावत बसलेली असतात.

अशा वेळी जुनी माणसं एक वाक्य हमखास बोलतात, "आपला तो जुना फोन होता ना, लाइट नसली तरी वाजायचा." खरंय ते. पण तेव्हा खरं होतं म्हणून आजही खरं आहे का, हा प्रश्न आहे. ज्यांनी घरचा लँडलाइन अजून ठेवलाय त्यांनी याच भरवशावर ठेवलाय. ज्यांनी गेल्या तीन-चार वर्षांत फायबरवाला नवा घेतला, त्यांनाही वाटतं की घरात लँडलाइन आहे, म्हणजे अडीनडीला सोय आहे. बहुतेक घरांत तशी सोय आता राहिलेली नाही. कनेक्शन जोडायला येणारा माणूस हे सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

वीज तारेतूनच यायची

जुन्या लँडलाइनची एक गोष्ट आठवून बघा. त्याला घरातला प्लग कधी लागलाच नाही. पंखा, टीव्ही, मिक्सर सगळ्यांना प्लग, फोनला नाही. कारण फोनला लागणारी वीज टेलिफोनच्या तारेतूनच यायची. एक्स्चेंजच्या खोलीत दोन-दोन व्होल्टच्या चोवीस मोठ्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असायच्या, म्हणजे झाले 48 व्होल्ट. तांब्याच्या दोन तारांच्या जोडीतून ही वीज थेट आपल्या घरातल्या फोनपर्यंत पोचायची. घंटी वाजवायच्या वेळी एक्स्चेंज याहून जास्त व्होल्टची वीज सोडायचं. खांबावर जोड मारताना नेमकी कोणाची तरी रिंग आली की लाइनमन शिव्या का घालायचा, त्याचं कारण हे.

बॅटऱ्यांच्या मागे डिझेलचा जनरेटर. म्हणजे गावाचा फीडर बंद पडला, तरी फोनचा फीडर वेगळा होता. महावितरणची वीज एका वाटेने यायची आणि फोनची दुसऱ्या वाटेने. लँडलाइनची सगळी ताकद या एका गोष्टीत होती.

ही ताकद खेड्यापर्यंत पोचवायला देशाने मेहनत घेतली होती. 1984 साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. सॅम पित्रोदांचं नाव त्या काळात घराघरात पोचलं ते यामुळे. या संस्थेने खेड्यांसाठी छोटं एक्स्चेंज बनवलं, धुळीत आणि उन्हात, एसीशिवाय चालणारं. 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर गावात ते पहिल्यांदा बसलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तशीच एका खोलीतली एक्स्चेंजं आपल्याकडच्या मोठ्या गावांतही आली. त्याआधी ट्रंक कॉल बुक करून पोस्टात तास न् तास बसावं लागे.

कोकणातल्या माणसाला या फोनचं वेगळं अप्रूप होतं, कारण घरातला एक तरी माणूस मुंबईला. सगळ्या वाडीत एकाच्याच घरी फोन असायचा. लग्नपत्रिकेवर त्याचाच नंबर छापायचा, पुढे कंसात 'पी. पी.' एवढं लिहायचं. फोन आला की त्या घरचं पोरगं पळत जाऊन हाक मारायचं आणि निरोप घेणारी बाई पदराला हात पुसत यायची. आज ज्यांचं वय चाळीसच्या पुढे आहे, त्यातल्या बऱ्याच जणांनी वडिलांचा आवाज पहिल्यांदा फोनवर ऐकला तो असा, शेजाऱ्यांच्या ओटीवर.

गावात आटला, शहरात वाढला

मोबाइलने लँडलाइन मारला असं आपण सरसकट म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. मे 2003 पासून मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं आणि तिथून चक्र फिरलं. लँडलाइनचा आकडा देशभरात घसरत गेला, 2020 च्या आसपास तो दोन कोटींपर्यंत खाली आला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

पण त्यानंतर हा आकडा पुन्हा वर चढला आणि तीन कोटींच्या पुढे गेला! कारण फायबरचं इंटरनेट घेतलं की त्याच्यासोबत लँडलाइन नंबर फुकट मिळायला लागला. ऑगस्ट 2022 मध्ये तर जिओने लँडलाइनच्या संख्येत बीएसएनएलला मागे टाकलं. म्हणजे ज्या कंपनीने गावागावात तांब्याची तार ओढली ती दुसऱ्या नंबरवर गेली, आणि जिने बहुधा एकही तांब्याची तार ओढली नसेल ती पहिली झाली. मात्र या सगळ्या कनेक्शनांत दहातली नऊ शहरातली आहेत. लँडलाइन वाढला तो शहरात. आपल्याकडे तो आटतच गेला.

गावातल्या तांब्याच्या लाइनचं काय झालं ते कोणीही सांगेल. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण किती वर्षं चाललंय, ते तुम्ही आम्ही बघतोय. नव्या रस्त्याच्या गटारासाठी खणलं, जलजीवनच्या पाइपसाठी खणलं, दरवेळी केबल तुटली. काही ठिकाणी तांबं चोरीला गेलं. आणि दुरुस्त करणारा माणूसच राहिला नाही. 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलचे सुमारे 78 हजार कर्मचारी एका दिवसात स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. त्यात आपल्या तालुक्यातले लाइनमनही होते. कुठल्या पिलरमधून कुठली जोडी कोणाच्या घरी जाते, कुठला जॉइंट पावसात पाणी धरतो, हे कागदावर फारसं नव्हतं. त्या माणसांच्या डोक्यात होतं.

सरकारने पैसे दिले नाहीत असंही नाही. 2019, 2022 आणि 2023 अशी तीन मोठी पॅकेजं बीएसएनएलला मिळाली. 2022 च्या पॅकेजमध्ये खास ग्रामीण लँडलाइनच्या तोट्यापोटी 13,789 कोटी रुपये होते. पण ती रक्कम 2014-15 ते 2019-20 या वर्षांत झालेल्या तोट्याची होती, मागचं देणं फेडण्यासाठी. तांब्याची लाइन पुढे कशी चालवायची हा हिशोब त्यात नव्हता. पुढचा पैसा गेला 4जीला आणि फायबरला. 27 सप्टेंबर 2025 ला बीएसएनएलचं स्वदेशी 4जी नव्वद हजारांहून जास्त टॉवरवर सुरू झालं, चांगलीच गोष्ट आहे. पण तो टॉवरही महावितरणच्याच वीजेवर चालतो.

डब्याची लाइट गेली की फोन गेला

आता फायबर. फायबर वाईट आहे असं अजिबात म्हणायचं नाही. पाऊस पडला की तांब्याच्या लाइनवर जी खरखर यायची ती यात नाही. आवाज स्वच्छ, इंटरनेट जोरात, मुलांचा अभ्यास, सातबारा, पीएम किसानची केवायसी सगळं त्यावर. पण फायबर म्हणजे काचेचा धागा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून घरात भिंतीवर तो पांढरा डबा बसवावा लागतो. प्रकाशाचा सिग्नल घेऊन वायफाय आणि फोन चालवायचं काम हा डबा करतो. आणि या डब्याला प्लग लागतो.

लाइट गेली, डबा बंद. डबा बंद, फोन बंद. गावात टॉवर अजून दोन तास चालू असेल, पण तुमचा 'लँडलाइन' पहिल्या सेकंदाला गेलेला असेल. मोबाइलच्याही आधी! ज्या एका गुणासाठी आपण त्याला घरात जागा दिली, नेमका तोच गुण नव्या फोनमध्ये नाही.

याच्याही पुढची गंमत म्हणजे हवेतून येणारा लँडलाइन. छतावर छोटी छत्री किंवा डबा लावतात, टॉवरवरून 5जी घेतात आणि खाली फोनची सोय देतात. हा तर टॉवर गेला की गेलाच. दिसायला लँडलाइन, नंबर लँडलाइनचा, पण मोबाइलच तो.

कोणी म्हणेल, इंग्लंड-अमेरिकेत तरी काय वेगळं? तिथेही तांबं काढतायतच. बरोबर. ब्रिटनने जुनं टेलिफोन जाळं 2025 अखेर बंद करायचं ठरवलं होतं. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातली धोक्याची घंटी त्याच लाइनवर चालते, ती बंद पडू लागली, ओरड झाली, आणि मुदत जानेवारी 2027 पर्यंत पुढे गेली. तिथल्या नियामकाने कंपन्यांना सांगितलंय की ज्याच्या घरी मोबाइलची रेंज नाही, जो फक्त लँडलाइनवरच अवलंबून आहे, त्याला लाइट गेल्यावर निदान एक तास मदतीचा फोन लावता येईल अशी सोय द्या. एक तास काही फार नाही. पण ही जबाबदारी कंपनीची, असं तिथे लिहून दिलंय. आपल्याकडे डब्याची बॅटरी हा ग्राहकाचा खासगी प्रश्न समजला जातो.

ज्या दिवशी बातमी बाहेर गेली नाही

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. लॉकडाऊन चालू, गाड्या बंद. त्या दिवशी दुपारपासून श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागात फोन लागेनासे झाले. मुंबईत बसलेल्या माणसाला गावातलं घर उभं आहे की कौलं उडाली, आई-बाप ठीक आहेत की नाही, काही कळत नव्हतं. विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले होते, कित्येक वाड्यांत लाइट यायला आठवडे लागले.

मग 22 जुलै 2021. महाड, चिपळूण पाण्याखाली. त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. रस्ते पाण्यात, लाइट नाही, रेंज नाही. मोठी मदत तिथे पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. त्याआधी 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यात माळीण गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गाडली गेली. ते जगाला कळलं कसं? सकाळी नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही. त्याने परत जाऊन सांगितलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जुनी तांब्याची लाइन असती तर हे सगळं टळलं असतं, असं नाही. निसर्ग वादळात खांबच पडले तिथे खांबावरची तार कशी टिकेल? दरडीखाली गेलेल्या घरातून कुठलाच फोन लागत नाही. एक्स्चेंजमधलं डिझेलही कधी ना कधी संपतं. जुन्या फोनबद्दल बोलताना आपण त्याचे मुके दिवस विसरतो. पावसाळ्यात महिना-महिना 'डेड' पडलेला फोन, तक्रार नोंदवायला दुसऱ्याच्या फोनवरून करावा लागणारा फोन, हेही त्याच काळातलं.

मुद्दा वेगळा आहे. पूर्वी बातमी बाहेर जायला दोन वाटा होत्या, वेगवेगळ्या वीजेवर चालणाऱ्या. एक बंद पडली तर दुसरीची शक्यता होती. आता मोबाइलचा टॉवर, फायबरचा डबा, ग्रामपंचायतीचं इंटरनेट आणि घरातलं चार्जिंग, सगळं एकाच फीडरवर. झाड कुठे पडलं एवढाच प्रश्न. आणि ही दुसरी वाट बंद करायचा निर्णय कोणी जाहीर केला नाही. ती एकेक जोडी, एकेक खांब करत बंद झाली.

घराचा फोन आणि माणसाचा फोन

लाइटचा मुद्दा सोडला तरी लँडलाइनचं एक काम मोबाइलने घेतलेलं नाही. मोबाइल माणसाचा असतो, लँडलाइन घराचा असतो. घरात एकच चांगला फोन असेल तर तो कोणाच्या खिशात जातो? कर्त्या पुरुषाच्या. तो शेतावर, बाजारात, होडीवर गेला की घर बिनफोनचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) आढळलं की ग्रामीण भारतात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका 46.6 टक्के होत्या, म्हणजे निम्म्याहून कमी. त्यानंतर आकडा नक्कीच वाढला असेल. तरी आपल्या वाडीत किती घरांत दुपारी बारा वाजता चालू फोन असतो, हे एकदा मोजून बघा.

म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका. मोबाइल चार्ज करायचा राहतो, आवाज चुकून बंद होतो, रिचार्ज संपल्याचं कळत नाही, बोट भलतीकडे लागून फोन 'एअरप्लेन' होतो. मुंबईचा मुलगा दिवसभर घाबरलेला आणि इकडे आई अंगणात आंब्याची साटं वाळवत बसलेली. ठरलेल्या जागी असलेला, मोठ्याने वाजणारा, उचलला की बोलता येणारा फोन त्यांना समजतो. फसवणुकीचे फोन लँडलाइनवरही येतात, 'दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल' वगैरे. पण त्यावर ओटीपी आलेला नसतो, यूपीआय उघडलेलं नसतं, स्क्रीन शेअर करायला सांगता येत नाही. बोलणाऱ्याचं काम अवघड होतं एवढं खरं. (फसवणूक झालीच तर 1930 ला लगेच फोन करायचा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.)

दुसरी बाजूही आहे. धोक्याचा इशारा मोबाइलवर मोठा भोंगा वाजून येतो, 2023 मध्ये चाचणीच्या वेळी सगळे दचकले होते ते आठवत असेल. तो इशारा लँडलाइनवर येत नाही. ग्राम सुरक्षा यंत्रणेसारखी सोयही मोबाइलवरच चालते. तेव्हा मोबाइल टाकून लँडलाइन घ्या असं कोणी शहाणा सांगणार नाही. प्रश्न आहे तो मोबाइलच्या जोडीला दुसरा फोन ठेवायचा का, आणि कुठला, हा.

मग करायचं काय

तुमच्याकडे अजून तांब्याची लाइन चालू असेल (अशी घरं थोडीच उरलीत), तर बिल परवडत असेल तोवर काढू नका. एकदा काढली की ती जोडी परत मिळणार नाही. फक्त त्यावर कॉर्डलेस फोन लावला असेल, तर शेजारी साधा वायरवाला फोन ठेवा. कॉर्डलेसच्या खालच्या डब्याला प्लग लागतो. लाइट गेली की तांब्याची लाइन जिवंत आणि फोन मेलेला, अशी परिस्थिती होते. काढायचीच ठरवली तर अर्ज लेखी द्या आणि डिपॉझिट परत मागा, ते तुमचंच आहे.

फायबरवाला असेल तर डब्याला छोटा यूपीएस लावा. राउटरसाठीचा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस हजार ते दोन हजारांत मिळतो. डब्याला फार वीज लागत नाही, त्यामुळे दोन-चार तास सहज निघतात. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्या लाइनवर घ्या, वायरमनला अर्ध्या तासाचं काम.

पण एवढ्याने भागत नाही, आणि इथे बरेच जण फसतात. धाग्याच्या दुसऱ्या टोकालाही एक मशीन असतं, त्याला ओएलटी म्हणतात. आपलं घर आणि ते मशीन यांच्यामध्ये जे वाटप होतं त्याला सहसा वीज लागत नाही, ही फायबरची जमेची बाजू. पण ते मशीन एक्स्चेंजमध्ये असेल तर मागे मोठ्या बॅटऱ्या असतात, आणि गावातल्या केबलवाल्याच्या दुकानात असेल तर त्याच्या इन्व्हर्टरवर सगळ्या वाडीचा फोन अवलंबून. म्हणून कनेक्शन देणाऱ्याला सरळ विचारायचं: "भाऊ, तुमचं मशीन कुठे आहे आणि लाइट गेल्यावर ते किती तास चालतं?" उत्तर देता आलं नाही तर समजून घ्या.

ज्यांचं घर दरीत आहे, रेंजच येत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. फायबरचं वायफाय असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा. एअरटेल आणि जिओने ही सोय 2019-20 पासून दिली आहे. टॉवर नसला तरी तुमच्याच सिमवर, तुमच्याच नंबरवर फोन येतो. यूपीएस लावलेला असेल तर लाइट गेल्यावरही.

लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो, हे 15 जानेवारी 2021 पासून आहे. अजून कित्येक घरांत आजी शून्य न लावता नंबर फिरवते आणि 'लागत नाही गं' म्हणून ठेवून देते. फोनजवळच्या भिंतीवर मुलांचे नंबर शून्यासकट मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. खाली 112, 108 आणि लाइटच्या तक्रारीचा 1912.

तक्रारीचंही थोडं. ट्रायने ऑगस्ट 2024 मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. लँडलाइन किंवा तारेचं इंटरनेट बिघडलं आणि तीन दिवसांत दुरुस्त झालं नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. मोबाइलचं जाळं जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त बंद राहिलं तर बिलात सूट किंवा रिचार्जची मुदत वाढवून मिळते. त्यासाठी तक्रार करून तिचा नंबर लिहून ठेवलेला असला की मागणं सोपं जातं. मात्र यात एक मेख आहे: नैसर्गिक आपत्तीमुळे जाळं बंद पडलं असेल तर ही भरपाई लागू नाही. म्हणजे आपल्याला फोन सगळ्यात जास्त लागतो त्या दिवसांचा हिशोब नियमातून बाहेर. वादळात टॉवर पडला तर कंपनीची चूक नाही, हे समजू शकतो. पण टॉवर उभा आहे आणि फक्त डिझेल पोचलं नाही म्हणून बंद आहे, तेव्हा?

दर मे महिन्यात तहसीलदार कार्यालयात पावसाळापूर्व तयारीची बैठक होते. दरडप्रवण गावांची यादी निघते, बोटी, दोरखंड, जेसीबीची नोंद होते. त्या यादीत एक रकाना वाढवायला पैसे लागत नाहीत: या गावात लाइट गेल्यावर चोवीस तास चालेल असा एक फोन कुठे आहे? ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर बऱ्याच ठिकाणी पोचली आहे. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन तो डबा एकदा बघा. दिवा लागलेला आहे का, त्याच्या बॅटरीत जीव आहे का, त्यावर फोन जोडलाय का, आणि सुट्टीच्या दिवशी त्या खोलीची चावी कोणाकडे असते. शाळा, उपकेंद्र, ग्रामपंचायत यांपैकी एका ठिकाणी सोलरवर चालणारी बॅटरी आणि साधा फोन बसवला तर खर्च किती? गटाराच्या एका टेंडरच्या मानाने काहीच नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय लेखी देता येतो. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही, हे जुन्या सदस्यांना विचारा.

आमच्या घरचं सांगतो. म्हसळा तालुक्यातल्या आमच्या घरी 1999 साली तांब्याची लाइन आली. रस्त्याच्या कामात ती तुटली, ती कायमचीच. दोन वर्षांपूर्वी फायबर घेतलं आणि जुनाच लाल फोन त्या डब्याला जोडला. आईला वाटलं जुना फोन परत आला. मलाही तसंच वाटत होतं, गेल्या पावसात पहिल्यांदा लाइट जाईपर्यंत. यंदा मिनी यूपीएस आणला, लावला, आणि मेन स्विच बंद करून घड्याळ लावून बसलो. दोन तास पन्नास मिनिटं फोन चालला. तेवढ्या वेळात आईने तिन्ही मावश्यांना फोन केले, शून्य लावून. धाकटीचा फोन लागला नाही, तिच्याकडे लाइट गेली होती.